ये की आन

बीदरच्या तात्यारावांनी आजवर चांगल्या चांगल्या पोरी इंग्रजीत नापास केल्या होत्या. शाळेत नव्हे, शाळेशी त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. पुतण्यासाठी पोरगी बघायला जायचं, लोकांच्या घरचं पोटभर खायचं, वर पाणी प्यायचं, आणि मग मिशी पुसत विचारायचं, "एलिफंटच्या आधी काय येतं?" आता एलिफंटच्या आधी काय येणार? एका बिचारीनं माहूत येतो म्हणून सांगितलं. झालं, हे उठले आणि चपला घालून चालू लागले. पोरगी स्वभावानं कशी, माणसांत कशी, कशाची म्हणून चौकशी नाही. आर्टिकल चुकलं की स्थळ मोडलं.

कमठाण्याच्या इंदिराला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, कारण सांगणारा खुद्द पुतण्याच होता. त्याचं नाव भीमराज. टेलिफोन खात्यात तारा जोडायचा. इंदिरा गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, शाळेला लागून पोस्ट होतं आणि पोस्टात गावातला एकुलता एक फोन. एक्याऐंशी साली तो फोन जेवढा बिघडला तेवढा आधी कधी बिघडला नव्हता. पोस्टमास्तर पार वैतागून गेले होते. भीमराज मात्र जराही न वैतागता बीदरहून सायकल हाणत यायचा आणि बरोबर नववीच्या खिडकीखाली बसून वायर सोलत राहायचा. वायर सोलायला इतका वेळ लागतो हे पोस्टमास्तरांना नव्यानंच कळत होतं.

खिडकीच्या आत इंदिरा शिकवत असायची. त्या भागात इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराला कुणी 'ए' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. आणि 'अ‍ॅन' म्हणायला तोंड एवढं वाकडं कोण करतो, सरळ 'आन' म्हणतात. त्यामुळं पोरी गोंधळायच्या. "बाई, कवा ये अन् कवा आन?" इंदिरानं खूप दिवस व्याकरणाचं पुस्तक फोडून सांगितलं, उपयोग शून्य. मग एक दिवस ती चिडूनच म्हणाली, "ऐका गं. शब्द आधी तोंडानं म्हनून बघा. डोळ्यानं बघू नका, डोळे फसवतेत. व्यंजन ऐकू आलं, तर त्याला पाय हाईत, ते आपल्या पायानं येतं. त्याला म्हनायचं ये. ये बुक, ये टेबल. स्वर ऐकू आला, तर त्याला पाय न्हाईत, त्याला उचलून आनावं लागतं. आन अ‍ॅपल, आन अंब्रेला. कळलं?"

"व्हय बाई!"

"अवर?"

"ह मुका हाय बाई. आन अवर!"

"युनिव्हर्सिटी?"

पोरी ओठ हलवून बघायच्या. "य आला बाई. चालत येती. ये युनिव्हर्सिटी!"

खिडकीखालून भीमराजही ओठ हलवायचा. त्याचंही इंग्रजी तिथंच सुधारलं.

तर सरळ सांगायचं म्हणजे इंदिराला भीमराज पाहिजे होता. त्याची ती सायकल, ती सोललेली वायर आणि काही विचारलं की कानापर्यंत लाल व्हायची त्याची खोड, सगळ्यासकट पाहिजे होता. अडचण एकच. भीमराजचे वडील तो लहान असतानाच गेले, काकानं त्याला वाढवला, शिकवला, नोकरीला लावला. काकाच्या शब्दाबाहेर तो पाऊल टाकायचा नाही. तिनं एकदा विचारलंही, "काका न्हाई म्हनले तर?" तो वायरीकडे बघत म्हणाला, "न्हाई कामून म्हनतील? तुला इंग्रजी येतं की." एवढा मोठा झाला, पण इंग्रजी येणं आणि काकाला पटणं यातला फरक ह्या बाबाला कळत नव्हता.

शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाहुणे आले. इंदिराचं घर बीदरच्या रस्त्याला लागूनच, समोर बसचा थांबा. बसमधून आधी तात्याराव उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, वर कोट, उन्हाळ्यातसुद्धा कोट, आणि डोक्यावर टोपी. मागून भीमराज उतरला, मानेचा मणका मोडल्यासारखा खाली बघत. काकू पार्वतीबाई आल्या नव्हत्या, गुडघ्यांनी त्यांना घरीच बसवलं होतं. पण निघताना त्यांनी नवऱ्याला सुनावलं होतं म्हणे, "मला सून बघायचीय, तुमचं इंग्रजी बघायचं न्हाई. ह्या बारीला हात हालवत आलात तर दार उघडनार न्हाई."

"जय भीम," इंदिराचे वडील नरसिंग पुढं झाले. त्यांनी पाहुण्यांना बाबासाहेबांच्या फोटोखालच्या चांगल्या खुर्चीत बसवलं.

"जय भीम, जय भीम. मी तात्याराव. आय वॉज ये यू.डी.सी.," तात्यारावांनी ओळख करून दिली. हैदराबाद स्टेट असताना ते अप्पर डिव्हिजन क्लार्क झाले होते. पुढं स्टेट गेलं, म्हैसूर आलं, म्हैसूरचं कर्नाटक झालं, खात्यानं पदाचं नाव बदललं, पेन्शनसुद्धा बसली. पण हे यू.डी.सी. ते यू.डी.सी.च. दूधवाल्यालासुद्धा तसंच सांगायचे.

आतल्या खोलीत इंदिराची आई चांगुणाबाई चुलीपुढं होती. चुरमुऱ्याचा सुशीला परतून तयार होता, चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेरचं तिला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आणि गोंधळ तिथंच सुरू झाला.

इंदिरा समोर बसली. तात्यारावांनी खाकरून घसा मोकळा केला. "मी शब्द सांगतो. तू सांगायचं, ये की आन. तयार? ऑरेंज! ये की आन?"

आत चांगुणाबाईला काय ऐकू आलं? "ये की! आन!" ती पदर खोचत उठली. "आले, आले," म्हणत सुशीलाच्या बशा घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यांपुढं ठेवल्या.

"आन ऑरेंज," इंदिरा म्हणत होती.

चांगुणाबाईला ऑरेंज म्हणजे दुकानातली आंबट गोळी एवढं माहीत होतं. तिनं लेकीकडे डोळे वटारून बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "आरेंज न्हाई हो घरात. लिंबू चालंल का?"

"हौ, चालतंय," तात्याराव म्हणाले. त्यांना वाटलं सुशीलावर पिळायला देतायत. "पुढं. टेबल! ये की आन?"

उंबऱ्यापर्यंत पोचलेली चांगुणाबाई मागं वळली. "आता काय आनू?"

"तू बस गं आत," नरसिंग म्हणाले. त्यांनाही काही कळत नव्हतं, पण आत बस म्हटलं की निम्मे प्रश्न सुटतात असा त्यांचा अनुभव होता.

ती आत गेली, लिंबू कापून बशीत घालून आली, पुन्हा आत गेली. बाहेर आपलं चालूच. "इंक! ये की आन?" ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. "डॉग! ये की आन?" ती चिवडा घेऊन आली. तात्याराव खुशीत होते. पोरगी पटापट उत्तरं देत होती आणि घरातली बाई पटापट खायला आणत होती. इतकं चांगलं स्थळ त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. चांगुणाबाईच्या मात्र टाळूला आग लागली होती. चहाचं आधण बघायला इंदिरा आत आली तशी ती फणकारली, "हे कसलं मानूस गं? दुसऱ्याच्या घरात बसून मलाच ये अन् आन? या, आना म्हनायला जीभ झडती का ह्याची? पहिल्या दिवशी हे असं, मग लग्न झाल्यावर काय पाय दाबायला लावंल का मला?"

"माय, ते तुला म्हनत न्हाईत. ते इंग्रजी हाय."

"इंग्रजीत बी ये म्हंजे येच अन् आन म्हंजे आनच का?"

"व्हय, जवळजवळ," इंदिरा म्हणाली. हसू आवरत ती परत जाऊन बसली.

"आता शेवटचा शब्द," तात्याराव म्हणाले. त्यांनी मिशीवरचा चुरमुरा झटकला. "हा आला की जमलंच म्हना. युनिव्हर्सिटी. ये की आन?"

"ये."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "आता येत न्हाई म्हनावं!"

पण बाहेर तात्यारावांचा चेहरा पडला होता. "नीट विचार करून सांग पोरी. यू हा स्वर हाय का न्हाई? ये, यी, आय, वो, यू. पाच स्वर. स्वर आला की आन."

"अक्षर स्वराचं हाय काका, पन आवाज य चा हाय. म्हनून बघा. यु. नि. म्हनून ये."

"क्या बोलती तू?" तात्याराव उठून उभेच राहिले. "जिंदगीभर मी आन युनिव्हर्सिटी लिहिलं. एका साहेबानं कधी रेघ वढली न्हाई. अगं, मी हाफिसात लागलो तवा माझ्या हातचं पानी कुनी पीत नव्हतं. पन माझ्या हातचा ड्राफ्ट समद्यांना लागायचा. ह्याच्या इंग्रजीत चूक कशी काढावी म्हनून लोक टपून बसायचे. काढता आली न्हाई कुनाला. अन् आज तू काढायलीस?"

 हा माणूस नुसता अडाण्यासारखा अडून बसलाय असं इंदिराला इतका वेळ वाटत होतं. त्याच्या इंग्रजीमागं काय काय उभं आहे ते तिला आत्ता दिसलं आणि तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून युनिव्हर्सिटीच्या आधी आन कसं लागणार?

"एक डाव पुन्हा इचारतो," तात्याराव बसत म्हणाले. "चा घेऊन ये. तोवर विचार कर. आन म्हन, अन् साखर वाटू. ये म्हनलीस, तर आमी चाललो."

इंदिरानं भीमराजकडे बघितलं. तो दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या बुटांच्या नाड्या बघत होता. त्याला उत्तर येत होतं! तिच्याच खिडकीखाली बसून शिकला होता, ओठ हलवून हलवून. आणि आता त्याच ओठांना टाके घातल्यासारखा बसला होता. तिचं डोकं भणभणलं.

आत आल्यावर चांगुणाबाईनं विचारलं, "काय झालं? समदे गप कामून बसलेत?"

"आन म्हनलं तर जमतंय. ये म्हनलं तर मोडतंय."

"मग म्हन की आन! मी मघाधरनं त्याच्या आनवर नाचायलेय, तुला एक डाव म्हनायला काय व्हायलंय?"

"माय, चूक हाय ते."

"असंल चूक. तुला त्यो पोरगा पाहिजे का न्हाई, ते सांग."

"पाहिजे," इंदिरा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईसमोर हे ती पहिल्यांदाच बोलत होती. "लई पाहिजे. पन सोमवारी मी पोरींना काय सांगू? लग्न जमंस्तोवर युनिव्हर्सिटीला पाय होते, आता न्हाईत? अन् त्यो तसा बसलाय बघ बाहेर. त्याला समदं म्हाईत हाय. जलमभर असाच नाड्या बघत बसला तर मी काय करू?"

चांगुणाबाईला पाय असलेली युनिव्हर्सिटी काही कळली नाही, पण पोरगा नाड्या बघत बसलाय हे बरोबर कळलं. ती कपात चहा ओतत म्हणाली, "तुला इचारायचं तेवढं इचारून झालं की. आता त्यालाच सांगू दे."

इंदिरानं डोळे पुसले, चहा बाहेर नेला, सगळ्यांना दिला आणि न बसता उभ्यानंच म्हणाली, "काका, मी सांगितलं ते सांगितलं. आता ह्यांना इचारा."

ह्यांना! लग्नाआधीच ह्यांना! नरसिंग चहा नुसताच फुंकत राहिले. भीमराज कानापर्यंत लाल झाला.

"ह्यो काय सांगनार?" तात्याराव हसले. "माझ्याच हाताखाली वाढलाय. सांग रे. ये की आन?"

भीमराजनं कप खाली ठेवला. काकासमोर त्यानं आजवर 'व्हय' सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

"काका, तुमी हाफिसात कोन होता?"

"मजाक करायलास का? यू.डी.सी. होतो."

"इंग्रजीत सांगा की. आक्खं."

"आय वॉज ये यू—" तात्याराव म्हणाले आणि थांबले. तोंड उघडंच राहिलं.

नेमकं त्याच वेळी बीदरच्या एअर फोर्सचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं. कौलं थरथरली, बशांतले चमचे वाजले.  तात्याराव तसेच आ वासून बसलेले, भीमराज तसाच त्यांच्याकडे बघत असलेला. आवाज दूर गेला तेव्हा भीमराज हळूच म्हणाला, "तुमचं तोंड बरोबर हाय काका. जलमभर बरोबरच बोललाव तुमी. नियम तेवढा चुकलाय. ये युनिव्हर्सिटी."

तात्यारावांनी कप खाली ठेवला. चहा न संपवता उठले, चपला घातल्या आणि तरातरा रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहिले. टोपी खुर्चीवरच राहिली. नरसिंग ती घेऊन मागं धावले, तर हात झटकून त्यांनी टोपी नाकारली. नरसिंग ती हातात धरून तसेच शेजारी उभे राहिले. आणि ते ऊन असलं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

घरात भीमराज बसूनच होता.

"जा की. काका चाललेत," इंदिरा म्हणाली.

"बोलावलं तर जावं लागंल," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "लहानपनी मला पाटीवर ये, बी, सी त्यांनीच काढून दिली, इंदिरा. हात धरून."

तिला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. खरं बोलून झालं होतं. युनिव्हर्सिटी आपल्या पायानं आली होती आणि भीमराज आपल्या पायानं जाणार होता. ती दारात जाऊन उभी राहिली. थांब्यावर तात्यारावांचे ओठ हलत होते. आधी तिला वाटलं शिव्या देतायत. मग नीट बघितलं. ते काहीतरी एकदा असं, एकदा तसं म्हणून बघत होते, थांबत होते आणि पुन्हा म्हणत होते. नववीतल्या पोरी म्हणून बघतात, अगदी तसं.

धूळ उडवत बीदरची बस आली. तात्याराव पायरीवर चढले आणि दांड्याला धरून वळले.

"ये, भीमराज!"

भीमराज उठला. दारातली इंदिरा अंग चोरून बाजूला झाली. तो तिच्या शेजारून उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. ना पुढं, ना मागं.

"बर्री अज्जा, वळगं बर्री!" कंडक्टर आजोबांना आत या म्हणून ओरडत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. तात्याराव पायरीवरच. त्यांनी पुतण्याकडे बघितलं, दारातल्या पोरीकडे बघितलं, उन्हात त्यांची टोपी धरून उभ्या नरसिंगांकडे बघितलं. बीदरला दाराला आतून कडी लावून बसणारी पार्वतीबाई त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. कोटाच्या बाहीनं कपाळ पुसून ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले,

"अरे ये की, भीमराज! आन इंदिराला! काकूनं बघितल्याबिगर कसं ठरनार? मोकळ्या हातानं गेलो तर तुझी काकू मला घरात घेनार न्हाई!"

इंदिराला हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही हात तोंडाभोवती धरून ती दारातूनच ओरडली, "काका! 'ला' तेवढा काढा! बाकी दोन्ही बरोबर हाय!"

तात्यारावांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांचे ओठ हलले. ये भीमराज. आन इंदिरा. आणि तो म्हातारा पायरीवरच असा हसायला लागला की कंडक्टरनं त्यांचा कोट मागून घट्ट धरून ठेवला.

आत चांगुणाबाईला पुन्हा 'आन' ऐकू आलं होतं. पण आता ती चुलीकडे वळलीच नाही. सुशीलाचा डबा काखेत मारला, लेकीच्या मनगटाला धरलं, उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या जावयाला कोपरानं बाजूला सारलं आणि अनवाणी रस्ता ओलांडून ती बसच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली.

"घ्या!" ती तात्यारावांना म्हणाली. "आनली!"